राग साहेबांचा, खांदा कॅडीचा

रविवारी सकाळी साडेसातचा सुमार. सहाव्या होलच्या टीवर चौघांचं टोळकं उभं आहे: एक डॉक्टर, एक बिल्डर, एक निवृत्त सनदी अधिकारी आणि एक कारखानदार. कारखानदारांचा फटका बसतो आणि चेंडू डावीकडच्या बाभळींत गडप होतो. साहेब आधी हातातल्या काठीकडे बघतात, मग आभाळाकडे आणि शेवटी, हवी ती जागा सापडल्यासारखे, त्यांची पिशवी वाहणाऱ्या कॅडीकडे. ‘‘सात नंबर कुणी द्यायला सांगितला होता तुला?’’ कॅडी गप्प राहतो. सात नंबर साहेबांनीच मागितला होता. शिवाय काठी सातची की आठची, यावर चेंडू किती लांब जाणार ते ठरतं. तो डावीकडे का गेला याचं उत्तर साहेबांच्या मनगटात आहे. पण हे बोलून दाखवायचं नसतं. पुढच्याच क्षणी काठी गिरक्या घेत वीस पावलांवर जाऊन पडते. ती उचलून, फडक्याने पुसून पुन्हा पिशवीत ठेवायचं काम अर्थातच कॅडीचं.

ही चौकडी काल्पनिक आहे. पण हौशी गोल्फ खेळणाऱ्या कुणालाही ती कुठे तरी भेटलेली असते.

बहुतेक मराठी वाचकांचा या खेळाशी संबंध येतो तो लांबूनच. नाशिककराला तर ‘गोल्फ क्लब’ म्हटलं की जाहीर सभा आणि रणजी सामने आठवतात. मग मूठभर सुखवस्तू लोकांनी सुटीच्या दिवशी कुठल्या हिरवळीवर काठ्या आपटल्या, याची इतरांनी चिंता का करावी? एक कारण असं की, हीच माणसं सोमवारी शस्त्रक्रिया करतात, निविदा मंजूर करतात, शेकडो कामगारांचे पगार ठरवतात. पी. जी. वुडहाउसने शंभर वर्षांपूर्वी याच गमतीवर एक कथा बेतली होती. कंपनीच्या खजिनदारपदासाठी दोन उमेदवार. त्यांतला लायक कोण, हे मालकाने दोघांच्या गोल्फवरून ठरवायचं. दुसरं कारण जास्त गंभीर आहे. या रागाचं ओझं वाहणारा माणूस साध्या घरातला, फेरीगणिक पैसे मिळवणारा आणि उलट उत्तर देण्याची सोय नसलेला असतो.

गोल्फमध्ये ‘क्लब’ या शब्दाचे दोन अर्थ. एक हातात धरायचा, दुसऱ्याची वर्गणी भरायची. आजवर या रागाची चर्चा पहिल्या क्लबाभोवती झाली, म्हणजे काठी कुणी आणि किती लांब फेकली याची. ती दुसऱ्या क्लबाबद्दल व्हायला हवी. हौशी गोल्फरचा संताप हा त्याचा ‘स्वभाव’ म्हणून हसण्यावारी नेणं क्लबांनी थांबवावं आणि त्याची नोंद नियमभंग म्हणून करावी.

हा खेळ माणसाला इतका का पेटवतो, ते आधी पाहायला हवं. क्रिकेटमध्ये चेंडू अंगावर येतो, टेनिसमध्ये तो समोरचा फिरवतो. गोल्फचा चेंडू निवांत पडलेला असतो आणि कुणी मारण्याची वाट बघतो. व्यास जेमतेम ४२.६७ मिलिमीटर; ज्या भोकात तो घालायचा ते १०८ मिलिमीटरचं. काठी आणि चेंडू यांची गाठ पडते ती सेकंदाच्या साधारण दोन हजाराव्या भागापुरती. चार-साडेचार तासांच्या फेरीत मारलेले सगळे फटके एकापुढे एक जोडले तरी पाच मिनिटं भरत नाहीत. उरलेला वेळ चालण्याचा, म्हणजेच नुकत्याच झालेल्या चुकीची उजळणी करण्याचा. इथे पंच नाही, गोलंदाज नाही, धावबाद करणारा जोडीदार नाही. नाचता येत नसेल तर वाकडं म्हणायला फक्त अंगण उरतं. ते अंगण कधी हिरवळ असते, कधी वारा असतो, कधी शेजारच्याचा मोबाइल आणि अनेकदा कॅडी.

या रोगाचा सर्वांत प्रसिद्ध रुग्ण हौशीच होता. अटलांटाचा बॉबी जोन्स १९१६ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय हौशी स्पर्धेत उतरला तेव्हा १४ वर्षांचा होता. पहिल्याच फेरीत गाठ पडली ती एबेन बायर्स या माजी विजेत्याशी. दोघंही शीघ्रकोपी, दोघंही काठ्या भिरकावणारे. सामना जोन्सने जिंकला आणि नंतर तो गमतीने सांगायचा की, बायर्सच्या काठ्या आधी संपल्या. चौदा वर्षांच्या पोराचं हे वागणं लोकांना गोड वाटलं. एकोणिसाव्या वर्षी तेच वागणं गोड राहिलं नाही. १९२१ मध्ये तो स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजला पहिल्यांदा ब्रिटिश ओपन खेळायला गेला. तिसऱ्या फेरीत आधीच पुष्कळ फटके वाया गेले होते. अकराव्या होलला चेंडू वाळूच्या खड्ड्यात अडकला आणि काही केल्या बाहेर निघेना. जोन्सने स्पर्धा तिथेच सोडली. गोल्फच्या पंढरीत, अर्ध्या फेरीतून.

त्याच वर्षी सेंट लुईसला अमेरिकी हौशी स्पर्धेत तो विली हंटरविरुद्ध खेळत होता. एक फटका फसला आणि जोन्सने काठी भिरकावली. ती एका प्रेक्षक स्त्रीच्या पायाला लागली. त्यानंतर अमेरिकी गोल्फ संघटनेच्या अध्यक्षांचं पत्र त्याच्या हाती पडलं. रागावर ताबा ठेवायला शिकला नाहीस, तर आमच्या कुठल्याही स्पर्धेत पुन्हा खेळता येणार नाही, असा त्याचा मथितार्थ होता.

पुढची गोष्ट गोल्फचा इतिहास वाचणाऱ्यांना पाठ असते. १९२३ पासून १९३० पर्यंत जोन्सने १३ प्रमुख स्पर्धा जिंकल्या. १९३० मध्ये तर ब्रिटन आणि अमेरिकेच्या खुल्या व हौशी अशा चारही स्पर्धा एकाच हंगामात जिंकून, अवघ्या २८व्या वर्षी तो स्पर्धात्मक खेळातून बाजूला झाला. सगळा काळ हौशी म्हणूनच खेळला, आणि त्याच सुमारास अभियांत्रिकी, इंग्रजी साहित्य आणि कायदा असं शिक्षणही चालू होतं. १९२५ च्या यूएस ओपनमध्ये उंच गवतात फटक्याच्या तयारीत असताना त्याचा चेंडू किंचित हलला. कुणी पाहिलं नव्हतं. त्याने स्वतःहून एका फटक्याचा दंड लावून घेतला. शेवटी विली मॅक्फार्लेनशी बरोबरी झाली आणि प्लेऑफमध्ये जोन्स हरला, तोही एकाच फटक्याने. आणि ज्या सेंट अँड्र्यूजमध्ये त्याने १९२१ मध्ये स्पर्धा अर्धवट सोडली होती, त्याच गावाने १९५८ मध्ये त्याला मानद नागरिकत्व दिलं. हा मान मिळालेला त्याच्या आधीचा अमेरिकन होता बेंजामिन फ्रँकलिन.

ही गोष्ट बहुधा ‘रागावर विजय मिळवलेला महापुरुष’ अशा थाटात सांगितली जाते. तीत एक गफलत आहे. जोन्सचा राग गेला नव्हता. मोठ्या स्पर्धेच्या काही दिवसांत ताणाने त्याचं वजन कित्येक पौंडांनी उतरायचं. आत जाळ होताच. फरक इतकाच की, तो दुसऱ्याच्या पायावर पडेनासा झाला. त्यात वाढत्या वयाचा आणि समजुतीचा वाटा असेलच. पण रागाला पहिली किंमत लावली ती संघटनेच्या त्या पत्राने.

रागाचा खेळावर काय परिणाम होतो, हे सांगायला दाखले शोधावे लागत नाहीत. अमेरिका आणि युरोप यांच्यातल्या रायडर कपमध्ये १९८७ साली अमेरिकेचा बेन क्रेनशॉ एमॉन डार्सीविरुद्ध खेळत होता. सहाव्या होलनंतर त्याने चिडून पटर, म्हणजे चेंडू भोकात ढकलायची काठी, आपटला आणि तो मोडला. नियमानुसार दुसरा घेता येईना. उरलेल्या सामन्यात हिरवळीवरचे नाजूक फटके त्याला एक नंबरच्या आयर्नने आणि वाळूतून चेंडू काढायच्या वेजच्या कडेने मारावे लागले. सामना तो एका होलने हरला आणि युरोपने अमेरिकेच्या भूमीवर पहिल्यांदाच तो चषक जिंकला. या क्रेनशॉला गोल्फजगत ‘जंटल बेन’ म्हणतं! २०२१ च्या मास्टर्स स्पर्धेत कोरियाच्या किम सी-वूनेही तेच केलं. शेवटचे चार होल त्याने पटरऐवजी तीन नंबरच्या वुडने पट केले. आजच्या नियमांतही हा न्याय कायम आहे: खेळताना काठीचं आपसूक नुकसान झालं तर ती बदलता येते, रागाने आपटून मोडली तर नाही.

काठी न मोडताही नुकसान होतं. १९८३ च्या ब्रिटिश ओपनमध्ये हेल अर्विनचा एक लांबचा पट भोकाशेजारी थांबला. उरले दोनेक इंच. त्याने बेफिकिरीने उलट्या हाताने चेंडू ढकलायला काठी फिरवली आणि ती चेंडूला लागलीच नाही. फटका मात्र मोजला गेला. स्पर्धा त्याने टॉम वॉटसनकडे गमावली ती नेमक्या एका फटक्याने. टेनिसमध्ये जॉन मॅकेन्रोसारखा खेळाडू संताप पुढच्या सर्व्हिसमध्ये ओतू शकत असेल. गोल्फमध्ये पुढचा फटका दोन इंचांचा असू शकतो. तिथे ताकद ओतायला जागाच नाही.

तरीही ‘राग बाहेर काढला की माणूस मोकळा होतो’ ही समजूत क्लबांच्या बारपासून घराघरांपर्यंत पक्की आहे. मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांनी २००२ मध्ये ती तपासून पाहिली. विद्यार्थ्यांना आधी त्यांच्या निबंधावर झोंबणारी टीका ऐकवून चिडवलं. मग काहींना, चिडवणाऱ्याचा विचार मनात धरून, वाळूच्या पिशवीवर ठोसे मारायला लावलं. काहींना नुसतं बसवून ठेवलं. ठोसे मारणारे अधिक संतापलेले निघाले, नुसते बसलेले सर्वांत कमी आक्रमक. २०२४ मध्ये सोफी क्यार्विक आणि बुशमन यांनी १५४ अभ्यास आणि दहा हजारांहून अधिक सहभागी यांचा एकत्र आढावा घेतला. शरीराची धडधड कमी करणाऱ्या गोष्टींनी, म्हणजे संथ श्वसन, ध्यान, स्नायू सैल सोडणं यांनी राग उतरतो. धडधड वाढवणाऱ्या गोष्टींनी एकंदरीत उतरत नाही. धावण्याने तर तो वाढण्याकडेच कल दिसला. काठी आपटणारा मोकळा होत नाही, पुढच्या आपटण्याची तालीम करतो.

आता हौशी गोल्फरचा सर्वांत लाडका युक्तिवाद: ‘मी खेळ मनापासून घेतो म्हणून चिडतो.’ हे हिशेबाने तपासता येतं, कारण गोल्फ हा बहुधा एकमेव खेळ आहे जो प्रत्येक हौशी खेळाडूला त्याची कुवत आकड्यात लिहून देतो. तो आकडा म्हणजे हँडिकॅप. २०२० पासून जगभर एकच पद्धत लागू झाली आणि त्यात हा आकडा ५४ पर्यंत जाऊ शकतो. अठरा हँडिकॅपवाल्याला नियम जवळजवळ प्रत्येक होलला एक जादा फटका बहाल करतात. पण अनेक जण विसरतात ती मेख पुढे आहे. हा आकडा सरासरी नव्हे. शेवटच्या २० फेऱ्यांतल्या सर्वोत्तम आठांवरून तो काढला जातो. म्हणजे बहुतेक रविवारी माणूस आपल्या हँडिकॅपपेक्षा वाईटच खेळणार. हे दुर्दैव नाही, गणित आहे. अमेरिकेतल्या व्यावसायिक स्पर्धांत खेळणारे, ज्यांचं पोट यावर चालतं, तेसुद्धा आठ फुटांवरचे पट साधारण निम्मेच घालतात. वॉल्टर हेगन हा जोन्सच्या काळातला सर्वांत यशस्वी व्यावसायिक. प्रत्येक फेरीत आपले सात फटके वाया जाणारच, असं तो आधीच धरून चालायचा, असं सांगतात. आठवड्यातून एकदा, तेही शनिवारच्या पार्टीनंतर मैदानात उतरणारे कारखानदार मात्र सहाव्या होलच्या एका फटक्याने थक्क होतात. खेळ मनापासून घेणारा माणूस सरावाला जातो. चिडणाऱ्याने मनावर घेतलेली असते ती स्वतःबद्दलची एक समजूत.

इथवरचं नुकसान ज्याचं त्याला लखलाभ. एखाद्याने स्वतःशी पुटपुटत दोन शिव्या हासडल्या, टोपी जमिनीवर टाकली, तर त्यावर समिती नेमायचं कारण नाही. माणूस आहे. प्रश्न सुरू होतो तो राग दुसऱ्याकडे वळतो तिथे.

पाश्चात्त्य देशांतला सामान्य हौशी गोल्फर आज बहुतेक वेळा आपली पिशवी स्वतः ओढतो किंवा बग्गीत टाकतो. चिडला तर काठी स्वतःच उचलून आणतो. भारतात अजून हौशी फेरीतही कॅडी सोबत असतो, काही ठिकाणी चेंडू कुठे पडतो ते पाहायला पुढे धावणारा ‘आगेवाला’ही. त्यामुळे इथल्या रागाला एक आयतं माणूस मिळतं. चेंडू हरवला, कॅडीने नीट पाहिलं नाही. पट चुकला, कॅडीने उतार चुकीचा सांगितला. पट पडला तर मात्र उतार साहेबांनीच ओळखलेला असतो. वड्याचं तेल वांग्यावर काढण्याची ही सोय इतकी अंगवळणी पडली आहे की, सोबतचे तिघेही त्या वेळी दुसरीकडे बघायला शिकलेले असतात. त्यांच्या जागी त्यांच्या ऑफिसातला शिपाई असता तर कदाचित कुणी तरी मध्ये पडलं असतं. इथे कॅडीचं रोजचं काम आणि वर मिळणारी बक्षिसी त्या एका माणसाच्या मर्जीवर असते. उद्या ‘हा नको, दुसरा द्या’ एवढं वाक्य पुरतं.

आणि कॅडी म्हणजे नुसता हमाल, असं ज्यांना वाटतं त्यांनी १९१३ ची यूएस ओपन आठवावी. बोस्टनजवळच्या ब्रूकलाइनच्या मैदानावर फ्रान्सिस विमेट या वीस वर्षांच्या हौशी खेळाडूने हॅरी वॉर्डन आणि टेड रे या दोन ब्रिटिश दिग्गजांना प्लेऑफमध्ये हरवलं. विमेट त्याच मैदानावर पूर्वी कॅडी होता. त्याची पिशवी वाहत होता दहा वर्षांचा एडी लोअरी. नजर चेंडूवर ठेव, एवढंच तो पोरगा सांगत राहिला आणि विमेट ऐकत राहिला. भारतातही १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक अली शेर हा दिल्लीच्या मैदानावरच्या कॅडींमधूनच वर आला होता. ज्याच्यावर साहेब ओरडतात त्याला साहेबांच्या स्विंगमधला दोष अनेकदा साहेबांच्या प्रशिक्षकाआधी कळलेला असतो.

नियमांची स्थिती तर मासलेवाईक आहे. कॅडीने नियम मोडला तर दंड खेळाडूला होतो, कारण कॅडीच्या कृतीला खेळाडू जबाबदार. खेळाडूने कॅडीचा पाणउतारा केला तर? २०१९ मध्ये गोल्फचे नियम ३४ वरून २४ वर आणले गेले तेव्हा अगदी पहिल्याच नियमात वागणुकीला जागा मिळाली. इतरांची कदर करा, मैदानाची काळजी घ्या, असं तिथे स्पष्ट लिहिलं आहे. गंभीर गैरवर्तनासाठी स्पर्धेची समिती खेळाडूला थेट बाद करू शकते. त्याच वर्षी फेब्रुवारीत सौदी अरेबियातल्या स्पर्धेत सर्जिओ गार्सियासारख्या माजी मास्टर्स विजेत्याला हिरवळींची नासधूस केल्याबद्दल असंच बाद केलं गेलं. याच्या पुढची तरतूद क्लबांच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे. समितीला स्वतःची आचारसंहिता लिहिता येते आणि तिच्या भंगासाठी एका फटक्यापासून दंड ठेवता येतो. म्हणजे हत्यार हाताशी आहे. वापरायची तेवढी इच्छा हवी.

क्लबांची वेशाबद्दलची जागरूकता पाहिली की ही इच्छा कुठे खर्च होते ते कळतं. कॉलर नसलेला टी-शर्ट घालून आलेल्या पाहुण्याला अनेक क्लबांत टीपर्यंत पोहोचू देत नाहीत. जीन्स चालत नाही. कॅडीला आईवरून शिवी मात्र चालून जाते, कारण शिवीला कॉलर आहे की नाही हे पाहायला कुणाला नेमलेलं नसतं.

करायच्या गोष्टी फार नाहीत. कॅडीवर ओरडणं, त्याला शिवी देणं, त्याच्या दिशेने काठी वा चेंडू फेकणं हे प्रत्येक क्लबच्या आचारसंहितेत नाव घेऊन लिहावं. पहिल्या वेळी दोन फटक्यांचा दंड, दुसऱ्या वेळी फेरीतून बाद, तिसऱ्या वेळी महिनाभर मैदान बंद. आचारसंहिता फक्त स्पर्धांपुरती राहू नये. रविवारच्या साध्या फेरीलाही सदस्यत्वाच्या अटींतून ती लागू करावी. कॅडी मास्टरकडे तक्रारीची वही असावी आणि तक्रार करणाऱ्या कॅडीला पुढच्या फेऱ्यांची पाळी नाकारली गेली तर त्याचा जाब सचिवाने द्यावा. सोबतच्या तिघांनाही साक्षीदार मानावं. गोल्फमध्ये एकमेकांच्या कार्डावर सह्या करायचा रिवाज आहेच. ज्याला फटके मोजता येतात त्याला शिव्याही मोजता येतील.

यावर एक आक्षेप हमखास येईल आणि तो खोटाही नाही. ही समिती बनणार कुणाची? त्याच डॉक्टर, बिल्डर, सनदी अधिकाऱ्यांची. कारखानदार त्यांचा रविवारचा जोडीदार, कदाचित क्लबच्या नव्या हिरवळीचा देणगीदारही. अशा माणसाला पत्र कोण लिहिणार? अमेरिकी संघटनेपुढे १९२१ मध्ये नेमकी हीच अडचण होती. काठी फेकणारा एकोणीस वर्षांचा होता, देशातला सर्वांत गुणी हौशी खेळाडू होता, चौदाव्या वर्षापासून प्रेक्षकांच्या गळ्यातला ताईत होता. पत्र तरीही गेलं.